उतरलेली बॅटरी आणि शेवटचा चिमटा



आज आपण गाडीच्या बॅटरीविषयी बोलणार आहोत. कुणी म्हणेल, "हा तर मिस्त्रीचा विषय. आम्हांला तो कशाला?" पण जरा आपल्या गावात नजर फिरवा. ट्रॅक्टर आहे, जीप आहे, भाजीपाला नेणारी पिकअप आहे, छोटा हत्ती आहे. त्या प्रत्येकीत एक बॅटरी आहे. आणि ती उतरते कधी? मिस्त्री शेजारी उभा असताना उतरत नाही. बाजाराच्या दिवशी पहाटे चार वाजता, टोमॅटोचे क्रेट भरून झाले की उतरते.

मग काय होते? आरडाओरडा होतो. एक जण धक्का मारायला चार पोरे गोळा करतो. दुसरा म्हणतो, "अण्णांचा ट्रॅक्टर आणा, त्याची बॅटरी लावू." तिसरा मोटारीच्या खोलीतून वायरीचा तुकडा काढून आणतो. आणि चौथा, आत पाणी आहे का बघायला, काडी ओढून बॅटरीत डोकावतो.

हा चौथा माणूस फार धोक्यात आहे. त्याच्यामुळेच हा विषय आम्ही घेतला आहे.

बॅटरी म्हणजे नुसती विजेची पेटी नाही. तिच्या पोटात सहा खण असतात. प्रत्येक खणात शिशाच्या पट्ट्या असतात, आणि पट्ट्या बुडतील एवढे ॲसिडचे पाणी असते. हे ॲसिड म्हणजे गंधकाचे आम्ल. एका खणातून साधारण २ व्होल्ट मिळतात. सहा खणांचे मिळून झाले १२. ही युक्ती फ्रान्समधल्या गास्तों प्लांते नावाच्या शास्त्रज्ञाने १८५९ साली काढली. आपली गाडी आजही त्याच युक्तीवर चालू होते.

पूर्वी गाडीच्या तोंडात लोखंडी हँडल घालून ते फिरवावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की फिरवणाऱ्याचे मनगट मोडायचे. पुढे १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला विजेवर चालणारा सेल्फ बसवला, आणि हँडलचा त्रास हळूहळू गेला. पण सेल्फची भूक मोठी. घरातला ६० वॉटचा जुना दिवा पाव अँपियरच्या आसपास वीज घेतो. लहान मोटारीचा सेल्फ शंभराहून जास्त अँपियर ओढतो. ट्रॅक्टरचा त्याहूनही जास्त. म्हणून उतरलेल्या बॅटरीवर दिवा मिणमिणतो, हॉर्नही कण्हतो, पण सेल्फ मारला की नुसते "टक टक" ऐकू येते.

आता खरी गोष्ट ऐका. बॅटरी चार्ज होताना तिच्यातल्या पाण्यातून दोन वायू सुटतात. एक हायड्रोजन आणि दुसरा प्राणवायू. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही. तो तिथे आहे हे डोळ्याला किंवा नाकाला कळतच नाही. हवेच्या १०० भागांत तो ४ भाग झाला, तरी एका ठिणगीने पेट घेतो. तो पेटला की बॅटरीची पेटी फुटते. प्लॅस्टिकचे तुकडे उडतात, आणि त्यांच्याबरोबर ॲसिड उडते. त्या वेळी माणूस कुठे असतो? बॉनेटखाली वाकलेला. तोंड बॅटरीवर.

"आमची बॅटरी बंद तोंडाची आहे, तिच्यात पाणी घालावं लागत नाही," असे कुणी म्हणेल. तिलाही वायू बाहेर सोडायला बारीक वाट ठेवलेली असते. तिच्याजवळही काडी नको, बिडी नको. अंधार असेल तर टॉर्च घ्या. मोबाइलचा दिवा चालतो; पण मोबाइल हातातून निसटून बॅटरीवर पडू देऊ नका.

काडी-बिडी टाळणे आपल्या हातात आहे. पण एक ठिणगी अशी आहे की ती बहुतेक वेळा पडतेच. एका बॅटरीवरून दुसरी गाडी चालू करताना वायरीची चार टोके जोडावी लागतात. पहिली तीन टोके जोडताना काही होत नाही. चौथे टोक टेकले की "चर्र" होते. असे का? पाटाचे बघा ना. पाट खणला, बांध घातला, तरी दार उघडल्याशिवाय पाणी धावत नाही. दार उघडले की एकदम धावते. तसेच विजेचे आहे. चौथे टोक म्हणजे पाटाचे दार. तिथे ठिणगी पडायचीच.

आता सांगा, ती ठिणगी कुठे पडू द्यावी? वायू सुटतो त्या बॅटरीवर, की तिथून लांब?

लांबच पडू द्यावी. आणि पुष्कळ लोक नेमके उलटे करतात. चारही चिमटे बॅटऱ्यांच्या डोक्यांवर लावतात, आणि शेवटचा चिमटा उतरलेल्या बॅटरीवर टेकवून ठिणगी काढून बघतात. "करंट येतोय का बघतो," म्हणतात! करंट येतोच आहे. तो बघायची ही जागा नव्हे.

तेव्हा रीत कशी आहे ते सावकाश सांगतो. दोन्ही गाड्या जवळ आणा, पण एकमेकींना टेकवू नका. लोखंडाला लोखंड लागले तर वीज नको त्या वाटेने जाते. दोन्ही इंजिने बंद करा. दिवे, पंखा, गाणी, सगळे बंद. गिअर न्यूट्रलला आणा, ब्रेक ओढून ठेवा. मग तांबडी वायर घ्या. तिचा एक चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला लावा. दुसरा चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला. आता काळी वायर. तिचा एक चिमटा चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला. राहिला शेवटचा चिमटा. तो उतरलेल्या बॅटरीला लावायचा नाही. बंद गाडीच्या इंजिनावर रंग नसलेली, कोरी, जाड लोखंडी जागा शोधा. बॅटरीपासून हात-दीड हात लांब बघा. डिझेलची नळी, पेट्रोलची नळी, फिरणारा पट्टा यांपासूनही लांब. तिथे तो चिमटा घट्ट बसवा. बॅटरीचे उणे टोक गाडीच्या अंगालाच जोडलेले असते, म्हणून इंजिनावर लावलेला चिमटा बॅटरीला पोचतो. फक्त ठिणगी तेवढी लांब पडते. जुन्या काही परदेशी ट्रॅक्टरांत आणि मोटारींत याच्या उलट, अधिक टोक अंगाला जोडलेले असे. तशी जुनी गाडी असेल तर तिला हात लावू नका, जाणत्यालाच बोलवा.

मग चांगली गाडी चालू करा. चार-पाच मिनिटे चालू द्या. एवढ्या वेळात उतरलेल्या बॅटरीत थोडा जीव येतो. पुष्कळ जण इथे घाई करतात, आणि मग "वायर लावूनसुद्धा होत नाही" म्हणून कपाळाला हात लावतात. पाच मिनिटांनी बंद गाडीचा सेल्फ मारा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. नाही झाली तर मिनिटभर थांबा, मग पुन्हा मारा. सेल्फ सारखा कुरकुर फिरवत ठेवला तर तो तापतो आणि जळतो. बॅटरी राहिली बाजूला, सेल्फचा खर्च वर बसतो. तीन-चार वेळा मारूनही झाली नाही तर दोष बॅटरीत नाही, दुसरीकडे आहे असे समजा.

गाडी चालू झाली की वायर उलट्या क्रमाने काढा. शेवटी लावलेला चिमटा आधी. काढतानाही ठिणगी पडते, म्हणून तो इंजिनावरचा चिमटा पहिल्यांदा. काढलेले चिमटे एकमेकांना लागू देऊ नका.

आता अधिक आणि उणे यांचे. आपण वर्गात बेरीज-वजाबाकी शिकलो. बेरजेची फुली आणि वजाबाकीची आडवी रेघ आपल्याला ओळखता येते. बॅटरीच्या टोकाजवळ हीच दोन चिन्हे उठवलेली असतात. ती वाचा. धूळ बसली असेल तर फडक्याने पुसा आणि मग वाचा. वायरीच्या रंगावर भरवसा ठेवू नका. मिस्त्रीकडे तांबडी वायर संपली होती म्हणून त्याने काळीच लावली, असे कितीतरी गाड्यांत आहे. आणखी एक खूण सांगतो. बॅटरीची दोन गोल टोके सारखी नसतात. अधिकचे टोक थोडे जाड असते आणि उणेचे बारीक.

अधिकला उणे लागले तर काय होते? दोन्ही बॅटऱ्या एकमेकींवर तुटून पडतात. वायर तापून तिचे प्लॅस्टिक वितळते, हात पोळतो, बॅटरी फुटू शकते. आजकालच्या गाड्यांत इंजिन चालवणारा छोटा संगणक असतो. तो क्षणात जळतो. हजारो रुपयांचे नुकसान एका उलट्या चिमट्याने होते. म्हणून चिमटा लावण्याआधी दुसऱ्या माणसाला चिन्ह मोठ्याने वाचायला सांगा. त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी चूक व्होल्टची. ट्रॅक्टर, जीप, मोटार, पिकअप यांची बॅटरी आज बहुधा १२ व्होल्टची असते. मोठ्या ट्रकांत आणि एस.टी.च्या गाड्यांत १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकीपुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. रस्त्यात ट्रकवाला भला भेटतो. "लाव की, आपल्याकडं तगडी बॅटरी हाय," म्हणतो. त्याचे मन मोठे, पण त्याचे २४ व्होल्ट आपल्या १२ च्या गाडीला सोसणार नाहीत. ई-रिक्षाचेही तसेच. तिच्यात बहुधा चार बॅटऱ्या मिळून ४८ व्होल्ट असतात. बॅटरीवर आकडा छापलेला असतो. तो वाचा, आणि एक बॅटरी आहे की दोन जोडल्या आहेत हेही बघा.

घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी उचलून आणणारेही आहेत. ती १२ व्होल्टची असते, तिच्यावर गाडी एखाद वेळी चालू होतेही. पण ती हळूहळू वीज देण्यासाठी केलेली असते, सेल्फच्या झटक्यासाठी नव्हे. शिवाय ती जड, पाण्याने भरलेली. खांद्यावर तिरपी धरली तर ॲसिड पाठीवर ओघळते. आणायचीच असेल तर आधी इन्व्हर्टर बंद करून तिच्या वायरी सोडवा, आणि दोघांनी मिळून सरळ धरून आणा.

वायरीविषयी थोडेसेच. विहिरीच्या मोटारीची वायर इथे चालत नाही. सेल्फच्या विजेपुढे ती बारीक पडते आणि तापते. बोटाएवढी जाड, तांब्याची, चिमटे बसवलेली जंपर वायर बाजारात मिळते. चार-पाच गाडीवाल्यांनी वर्गणी काढून एक जोडी घेऊन ठेवावी, असे आमचे सांगणे आहे. भारी असते ती घ्या. स्वस्त वायरीत पुष्कळदा प्लॅस्टिकच जाड असते.

हातातले दागिने उतरवा. बायकांनी पाटल्या, गड्यांनी कडे, अंगठी, घड्याळ. पाना फिरवताना कडे अधिक टोकाला लागले आणि पाना गाडीच्या अंगाला, तर कडे क्षणात तापून लाल होते. ते हातातून लवकर निघत नाही. मांस भाजते. याच कारणाने बॅटरी सोडवताना आधी उणेची वायर सोडतात, आणि बसवताना उणेची शेवटी.

आता ज्या चुकीने माणसे चिरडतात ती चूक सांगतो. ती ट्रॅक्टरवाल्यांची आहे. किल्लीने सेल्फ लागत नाही. मग गडी खाली उतरतो, मागच्या मोठ्या चाकापुढे उभा राहतो, आणि स्क्रू ड्रायव्हर सेल्फच्या दोन टोकांवर आडवा धरतो. "डायरेक्ट करतो," म्हणतात. ठिणगी उडते, सेल्फ फिरतो, इंजिन पेटते. शंभरदा करून काही झाले नाही म्हणून भीती मोडते. पण ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर? बऱ्याच ट्रॅक्टरांत अशी सोय असते की क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रलला आणल्याशिवाय सेल्फ लागूच नये. स्क्रू ड्रायव्हर ही सोय ओलांडून जातो. इंजिन चालू होते त्याच क्षणी ट्रॅक्टर पुढे झेपावतो, आणि मागचे चाक समोर उभ्या माणसावरून जाते. बाजूला उडी मारायला वेळच मिळत नाही. सीटवर तर कुणीच नसते, मग ब्रेक कोण लावणार?

"पण गिअर न्यूट्रलला आहे, मी बघितलंय," असे प्रत्येक जण म्हणतो. पोराने वर बसून खेळताना गिअर ढकललेला असतो. ट्रॅक्टर सीटवर बसूनच चालू करायचा. किल्लीने होत नसेल तर तो दिवस पाळी चुकली तरी चालेल. किल्लीची दुरुस्ती करून घ्या. आयाबायांनो, तुमच्या घरचा कुणी असा चाकापुढे उभा राहिलेला दिसला तर हाक मारून बाजूला घ्या. भांडण झाले तर होऊ द्या.

आणखी एक जुनी युक्ती आहे. एकच चांगली बॅटरी, आणि गाड्या दोन. एक गाडी चालू करायची, इंजिन चालू असतानाच बॅटरी काढून दुसरीला लावायची. जुन्या साध्या गाड्यांत हे खपून जाई. आताच्या गाडीत असे केले की वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरचा दाब एकदम उसळतो, आणि तो स्वतः तरी जळतो किंवा संगणक तरी जाळतो. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर सोडायची नाही.

धक्का मारून चालू करणे साध्या गिअरच्या गाडीला जमते. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीला जमत नाही. उतारावर मात्र जपा. इंजिन बंद असताना ब्रेक जड लागतो, स्टिअरिंग जड होते, आणि किल्ली काढलेली असेल तर स्टिअरिंग कुलूप लागून अडकते. पोरांना गाडीच्या पुढे येऊ देऊ नका.

आता समजा, एवढे करूनही ॲसिड उडाले. अंगावर पडले तर ते कपडे काढा आणि पाणी ओता. डोळ्यात गेले तर डोळा चोळू नका. डोळा बोटांनी उघडा धरा आणि स्वच्छ पाण्याची धार सोडत राहा. किती वेळ? निदान वीस मिनिटे. दोन तांबे ओतून थांबू नका. तूप, मध, दूध, चुना, सोडा यांतले काही डोळ्यात घालू नका. कुणी म्हातारे माणूस मायेने घेऊन येईल. त्याला नम्रपणे थांबवा. पाणी ओतत असतानाच दुसऱ्याने गाडीची सोय बघावी, आणि मग थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावे. म्हणूनच काम सुरू करण्यापूर्वी पाण्याची बादली जवळ भरून ठेवा. डोळ्यांवर चष्मा असेल तर बरे. फवारणीचा असला तरी चालेल.

आणि रात्री घरात बाळंतीण अडली आहे, कुणाला साप चावला आहे, आणि गाडीची बॅटरी उतरली आहे, अशा वेळी वायरी शोधत बसू नका. पहिल्यांदा १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिकेची सेवा २०१४ सालापासून आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत. फोन झाल्यावर मग एकाने बॅटरीकडे बघावे. घाबरलेला माणूस चिमटे उलटे लावतो.

गाडी चालू झाली की लोक समजतात, काम झाले. बाजारात पोचतात, गाडी बंद करतात, आणि पुन्हा "टक टक". वाटेत अर्धा तास चालून बॅटरी पुरती भरत नाही. घरी आल्यावर ती दुकानात रात्रभर चार्ज करून घ्या. आणि ती उतरली का, ते बघा. दिवा चालू राहिला होता का? पट्टा ढिला आहे का? टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली आहे का? नुसती भुकटी जमल्यानेही सेल्फ लागत नाही, आणि बॅटरी चांगली असून बदनाम होते. पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या दातांच्या ब्रशाने टोके घासा. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. पुसून कोरडी करा, वायरी घट्ट आवळा, वरून थोडे व्हॅसलीन लावा. पेटीला तडा गेलेला दिसला, किंवा ती फुगलेली दिसली, तर तिला वायर लावायचीच नाही. ती बदलायची.

पाणी घालायच्या बॅटरीत पाणी कमी झाले असेल तर दुकानातले डिस्टिल वॉटर घाला. विहिरीचे, बोअरचे नको. त्यातले क्षार पट्ट्यांवर बसतात. वरून ॲसिडही घालू नका. पट्ट्या बुडतील एवढेच पाणी पुरे. काठोकाठ भरले तर चार्ज होताना ते उतू जाते आणि गाडीचा पत्रा खाते.

बाहेर ट्रॅक्टर उभा आहे. किल्ली मालकाच्या खिशात आहे. आता सगळे बाहेर चला, आणि त्याच्या बॅटरीवर अधिक कुठे आहे, उणे कुठे आहे, आकडा काय छापला आहे, ते एकेकाने वाचून दाखवा. बिड्या आत ठेवा.